त्याग : सोडण्यासाठी की जोडण्यासाठी?

त्याग या शब्दाला भारतीय समाजात मोठा मान आहे. राजवाडा सोडून गेलेला राजपुत्र, घरदार सोडून वनात गेलेला साधू, धनाला मातीसमान मानणारा संत यांच्यापुढे लोक नेहमीच नतमस्तक होत आले आहेत. परंतु त्यागाचे मोल ठरवताना बहुधा एकाच गोष्टीकडे पाहिले जाते; ती म्हणजे त्या व्यक्तीने काय सोडले. सोडून झाल्यावर तिचे मोकळे झालेले हात कोणत्या कामाला लागले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वास्तविक त्यागाची खरी कसोटी या दुसऱ्या प्रश्नातच आहे.

बायबलमधील शुभवर्तमानात एका श्रीमंत तरुणाची कथा आहे. सर्व धर्मनियम पाळूनही त्याच्या मनाला समाधान नव्हते. तो येशू ख्रिस्ताकडे मार्ग विचारण्यास आला. आपले सर्व काही विकून ते गोरगरिबांना द्यावे आणि मग आपल्यामागे यावे, असे येशूने त्याला सांगितले. तरुणाची मालमत्ता मोठी होती. तो खिन्न होऊन परत गेला. या कथेत केवळ ‘विकून टाक’ एवढाच आदेश नाही. ‘गोरगरिबांना दे’ हा त्याचा दुसरा भाग आहे, आणि त्यावाचून पहिला भाग अपुरा राहतो. आसक्ती सोडायची ती जगाकडे पाठ फिरवण्यासाठी नव्हे, तर जगातील दुःखाकडे तोंड वळवण्यासाठी, असा या उपदेशाचा आशय आहे.

या आशयाचा प्रत्यय मराठी समाजाला सव्वाशे वर्षांपूर्वी आला. मध्य प्रदेशात जबलपूरहून कटनीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर सिहोरा हे गाव आहे. या भागातील सखल, काळ्या मातीच्या पट्ट्याला ‘हवेली’ म्हणतात आणि तो गव्हासाठी प्रसिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जबलपूर जिल्हा इंग्रजी अमलातील मध्य प्रांतात होता. अवकाळी पाऊस आणि तांबेरा यांमुळे येथील गव्हाची पिके लागोपाठ बुडाली. त्यानंतर पावसाने ओढ दिली आणि १८९६-९७ मध्ये भीषण दुष्काळ पडला. त्याची अतिशय तीव्र झळ ज्या जिल्ह्यांना बसली, त्यांत जबलपूर जिल्हाही होता. अन्नाच्या शोधात माणसे गावे सोडून निघाली. आईबापांवाचून उरलेल्या मुली आणि कोणाचाही आधार नसलेल्या तरुण विधवा यांची दशा सर्वांत बिकट झाली. भुकेबरोबरच त्यांच्या अब्रूवरही संकट होते.

अशा वेळी पुण्याहून एक विदुषी मध्य प्रांतात आली आणि सुमारे तीनशे निराधार मुली व स्त्रियांना आपल्याबरोबर घेऊन गेली. त्या होत्या पंडिता रमाबाई.

रमाबाईंना दुष्काळ ऐकून नव्हे, तर भोगून ठाऊक होता. त्यांचा जन्म १८५८ साली झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकापवाद सहन करून आपल्या पत्नीला संस्कृत शिकवले होते. पुढे आईने रमाबाईंना शिकवले. पुराणे सांगत तीर्थाटन करणाऱ्या या कुटुंबाला दुष्काळाने गाठले. आई, वडील आणि थोरली बहीण यांचा त्या काळात अंत झाला. रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास पायी भ्रमण करीत १८७८ मध्ये कोलकात्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी त्यांच्या संस्कृत ज्ञानाचा गौरव करून त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. परंतु १८८० मध्ये भाऊ गेला आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी यांचेही निधन झाले. तेवीस वर्षांच्या वयात रमाबाईंच्या पदरी एक तान्ही मुलगी, मनोरमा, तेवढी उरली.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. जे दैवाने हिरावून नेले, त्याला त्याग म्हणता येत नाही. रमाबाईंचा त्याग त्यानंतर सुरू होतो. कारण आता त्यांच्याजवळ जे होते ते त्यांनी स्वतःहून सोडले. इंग्लंडमध्ये असताना, समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या ख्रिस्ती भगिनींचे काम त्यांनी पाहिले. या स्त्रियांना तुच्छ न लेखता जवळ करण्याची प्रेरणा कोठून येते, याचा शोध घेताना त्या ख्रिस्ताच्या शिकवणीपाशी आल्या. १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ज्या समाजाने त्यांना डोक्यावर घेतले होते, त्यातील अनेकांचा रोष त्यांनी जाणूनबुजून पत्करला. मानसन्मानाची आसक्ती धनाच्या आसक्तीहूनही चिवट असते. धन सोडणाऱ्याची लोक स्तुती करतात. मान सोडणाऱ्याच्या वाट्याला स्तुतीही येत नाही.

तथापि, आसक्ती सोडणे म्हणजे विवेक सोडणे नव्हे, हेही रमाबाईंच्या चरित्रातून दिसते. नव्या धर्मात आल्यावर तेथील अधिकाऱ्यांची प्रत्येक आज्ञा त्यांनी मुकाट्याने मानली नाही. ज्या भगिनींनी आश्रय दिला, त्यांच्याशीही त्यांनी श्रद्धेच्या प्रश्नांवर निर्भीडपणे वाद घातला. त्यांचा शाकाहार कायम राहिला, साधा देशी वेषही कायम राहिला. आणखी एक गोष्ट त्यांनी प्रांजळपणे लिहून ठेवली आहे. बाप्तिस्म्यानंतरही काही वर्षे आपल्याला ख्रिस्ताचा धर्म मिळाला होता, परंतु ख्रिस्त गवसला नव्हता, असे त्यांना वाटत होते. धर्मांतर एका दिवसात होते. अंतःकरणाचे परिवर्तन व्हायला काळ लागतो.

मायदेशी परतल्यावर त्यांनी १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ काढले आणि पुढल्या वर्षी ते पुण्यास हलवले. १८९३ मध्ये या संस्थेवरून मोठे वादळ उठले. सदनातील मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडत आहे, असा आक्षेप घेण्यात आला. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. रा. गो. भांडारकर यांच्यासारख्या सुधारकांनीही सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले. रमाबाईंच्या सेवेविषयी कितीही आदर असला, तरी हा आक्षेप क्षुल्लक म्हणून बाजूला सारता येणार नाही. आश्रय घेणारा माणूस अगतिक असतो. देणाऱ्याचा शब्द मोडणे त्याला कठीण जाते. म्हणून ज्याच्या हाती भाकरी आहे, त्याने घेणाऱ्याच्या श्रद्धेचे स्वातंत्र्य अधिकच दक्षतेने जपले पाहिजे. धर्म कोणताही असो, सेवा करणाऱ्याने सोडण्याजोगी ही अखेरची आणि सर्वांत अवघड आसक्ती आहे : आपण वाचवलेला माणूस आपल्यासारखाच व्हावा, ही इच्छा.

परंतु या वादाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. प्रश्न उपस्थित करणारे पुष्कळ होते. मध्य प्रांतातील उपाशी मुलींना घरी आणणारे फार थोडे होते. पुण्यात तेव्हा प्लेगची साथ असल्याने इतक्या जणींना तेथे ठेवणे शक्य नव्हते. रमाबाईंनी केडगाव येथे सुमारे शंभर एकर जमीन आधीच घेतली होती. तेथे या मुलींसाठी निवारा उभा राहिला आणि त्यातूनच ‘मुक्तिसदन’ आकाराला आले. गुजरातेत १९०० साली दुष्काळ पडल्यावर तेथूनही शेकडो मुली आल्या. मुली लिहावाचायला शिकल्या. शेती, विणकाम, दूधदुभते, छपाई अशी कामेही शिकल्या. अंध स्त्रियांच्या शिक्षणाचीही तेथे सोय झाली. ज्यांनी अक्षर पाहिले नव्हते, त्यांच्या हातांनी छापखान्यात खिळे जुळवले जाऊ लागले. कोलकात्याच्या पंडितसभेत मिळालेल्या पदवीपेक्षा या कार्यात रमाबाईंना जीवनाचे प्रयोजन सापडले.

त्यांच्या त्यागाचा सर्वांत सूक्ष्म प्रकार मात्र भाषेशी संबंधित आहे. आयुष्याच्या अखेरच्या काळात त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबलचे मराठीत भाषांतर केले. संस्कृतप्रचुर, भारदस्त मराठी लिहिणे त्यांना मुळीच कठीण नव्हते. पंडिताला आपल्या पांडित्याचा लोभ सुटत नाही, असा सर्वत्र अनुभव आहे. रमाबाईंनी तो लोभ सोडला. खेड्यातील अल्पशिक्षित बाईला वाचून कळावे, अशी सोपी भाषा त्यांनी हेतुपूर्वक निवडली. हे काम चालू असतानाच १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा निधन पावली. मुक्तिसदनाचा भार पुढे तिने वाहावा, ही आशाही त्यांना सोडावी लागली. तरीही काम थांबले नाही. भाषांतर पूर्ण करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. मुक्तिसदनाच्याच छापखान्यात तयार झालेले हे बायबल १९२४ साली प्रसिद्ध झाले. केडगावची संस्था आजही निराधार स्त्रिया व मुलांसाठी कार्य करीत आहे.

रमाबाईंचा धर्म सर्वांनी स्वीकारावा, असा या चरित्राचा अर्थ नाही. परंतु त्यांनी दाखवलेली त्यागाची दिशा कोणत्याही धर्माच्या, अथवा कोणताही धर्म न मानणाऱ्या माणसाला विचार करायला लावणारी आहे. दुष्काळाने त्यांचे सर्वस्व नेले, तेव्हा जगाविषयी कटुता बाळगणे त्यांना सोपे होते. तसे न करता, वीस वर्षांनी दुसरा दुष्काळ आला तेव्हा त्या त्याला सामोऱ्या गेल्या. आपल्या दुःखालाही माणूस घट्ट धरून बसतो, ही आसक्तीच होय. ते दुःख रमाबाईंनी स्वतःपुरते ठेवले नाही. त्यातून दुसऱ्याचे दुःख ओळखण्याची दृष्टी त्यांनी मिळवली. ‘माझे’ म्हणून धरलेली मूठ उघडली, की त्याच हाताने दुसऱ्याचा हात धरता येतो. त्यागाचे सार्थक यातच आहे.