बियाणं उगवलं नाही, तर दोष कुणाचा? ग्राहक आयोगातल्या दाव्यात तज्ज्ञाचं मत इतकं महत्त्वाचं का असतं?

धुळे तालुक्यातलं सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखलं जातं. भांड्याच्या वजनावरून वाद झाला, तर तो सोडवणं सोपं असतं. दोघांनाही मान्य असलेल्या काट्यावर भांडं ठेवलं की विषय संपतो.

पण याच परिसरातल्या शेतात कापसाचं बियाणं उगवलं नाही, तर काटा कुठून आणायचा?

समजा, एका शेतकऱ्यानं तीन एकरांसाठी कापूस बियाण्याची सहा पाकिटं घेतली. २०२५-२६च्या हंगामात बीजी-२ कापसाच्या ४७५ ग्रॅमच्या पाकिटाची कमाल किंमत ९०१ रुपये होती. म्हणजे बियाण्याचा खर्च ५,४०६ रुपये. नुकसान मात्र तेवढंच नसतं. मशागत, खत, मजुरी आणि अख्खा हंगाम हातातून जातो.

शेतकरी म्हणतो, बियाणं सदोष होतं. कंपनी म्हणते, जमिनीत ओल नव्हती, बी खोल पडलं किंवा पावसानं ताण दिला. दोघांचंही म्हणणं शक्यतेच्या कोटीतलं असतं. म्हणून निकाल बहुतेक वेळा एकाच प्रश्नावर येऊन थांबतो: हे सांगणारा तज्ज्ञ कोण, आणि तो दोघांना मान्य आहे का?

कायदा काय सांगतो?

असा दावा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात दाखल करता येतो. वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असेल, तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे जातं. ही रक्कम ५ लाखांपर्यंत असेल, तर तक्रारीला शुल्क लागत नाही. मुदत दोन वर्षांची आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९च्या कलम ३८ मध्ये तपासणीची पद्धत दिली आहे. वस्तूतला दोष चाचणीशिवाय कळणार नसेल, तर आयोग नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवतो. अहवाल ४५ दिवसांत यावा, अशी अपेक्षा असते. त्याची फी तक्रारदाराला भरायला सांगितली जाऊ शकते. अहवाल मान्य नसेल, तर कोणत्याही बाजूला लेखी हरकत घेता येते.

टीव्ही किंवा मिक्सरच्या बाबतीत हे ठीक आहे. पण बियाण्याचं काय? शेतकरी पाकीट फोडतो ते लावण्यासाठी, नमुना म्हणून जपून ठेवण्यासाठी नाही.

सर्वोच्च न्यायालयानं यावर काय म्हटलं?

नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध एम. मधुसूदन रेड्डी या प्रकरणात हाच मुद्दा आला होता. नमुना प्रयोगशाळेत गेलाच नाही, म्हणून दावे टिकत नाहीत, असं कॉर्पोरेशनचं म्हणणं होतं.

जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते फेटाळलं. बहुतेक शेतकऱ्यांनी सगळं बियाणं पेरून टाकलं होतं. उलट, मोठ्या पुरवठादारानं विकलेल्या वाणांचे नमुने स्वतःकडे ठेवणं अपेक्षित आहे, आणि ते तपासणीसाठी देता आले असते, असं न्यायालयानं म्हटलं. शेतात पाहणी करणाऱ्या कृषी तज्ज्ञांचे अहवालही ग्राह्य धरले गेले. बियाणे कायदा, १९६६ असला तरी शेतकऱ्याला ग्राहक म्हणून दाद मागता येते, हेही या निकालात स्पष्ट झालं.

पण याला दुसरी बाजू आहे. हरियाणा सीड्स डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन विरुद्ध साधू या २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं की, पिकाची अवस्था बिघडण्यामागे बियाण्याशिवाय इतर कारणंही असू शकतात. अहवालात बियाणं निकृष्ट असल्याचा स्पष्ट उल्लेख नसेल, तर दोष बियाण्यावर ढकलता येत नाही.

हे दोन्ही निकाल एकत्र वाचले, तर अर्थ असा निघतो: प्रयोगशाळेचा अहवाल नसला तरी दावा टिकू शकतो, पण शेतातल्या पाहणीच्या अहवालात कारण लिहिलेलं हवं.

मग पंचनामा होऊनही अडतं कुठे?

महाराष्ट्रात अशा तक्रारींसाठी तालुका पातळीवर तक्रार निवारण समिती असते. त्यात कृषी विभागाच्या अधिकाऱ्यांबरोबर कृषी विद्यापीठाचा प्रतिनिधीही अपेक्षित असतो. थोडक्यात, तटस्थ तज्ज्ञाची सोय कागदावर आहे.

अडचण येते ती तीन ठिकाणी. पाहणीची सूचना कंपनीला मिळाली नाही, तर कंपनी म्हणते, 'आमच्या मागे केलेला पंचनामा आम्हाला मान्य नाही.' विद्यापीठाचा शास्त्रज्ञ आलाच नसेल, तर अहवालाला तज्ज्ञाचं मत म्हणायचं का, असा प्रश्न उपस्थित होतो. आणि अहवालात फक्त 'उगवण ३० टक्के' एवढंच असेल, तर ती का झाली, याचं उत्तर मिळत नाही.

त्यात वेळ कुणासाठी थांबत नाही. शेतकऱ्याला दुबार पेरणी करायची असते. शेत नांगरलं की पुरावाही गेला.

दोघांचा मिळून एकच तज्ज्ञ असू शकतो का?

इंग्लंडमध्ये १० हजार पौंडांपर्यंतचे बहुतेक दावे 'स्मॉल क्लेम्स'मध्ये चालतात. तिथे न्यायालयाच्या परवानगीशिवाय तज्ज्ञ आणता येत नाही. न्यायालय दोन्ही बाजूंना मिळून एकच तज्ज्ञ नेमायला सांगू शकतं. दोघंही त्याला आपापले प्रश्न देतात. हरणाऱ्याकडून तज्ज्ञापोटी वसूल होणारी फी ७५० पौंडांपर्यंतच असते. छोट्या दाव्यात तज्ज्ञाचा खर्चच दाव्यापेक्षा मोठा होऊ नये, हा त्यामागचा विचार.

आपल्याकडे अशी सक्ती नाही, पण मनाईही नाही. दोन्ही बाजूंनी लेखी संमती दिली, तर एकाच शास्त्रज्ञाकडून पाहणी होऊ शकते. कंपनीचा यात फायदा नाही, असं वाटू शकतं. प्रत्यक्षात, दोष पावसाचा असेल, तर तटस्थ तज्ज्ञच ते खात्रीनं सांगू शकतो. कंपनीच्या पगारी माणसाच्या मतापेक्षा त्या मताला आयोगापुढे जास्त वजन असतं.

तज्ज्ञाचं मत म्हणजे निकाल नव्हे, हेही लक्षात घ्यायला हवं. त्या मतामागची कारणं पटतात का, हे आयोगच ठरवतो. व्ही. किशन राव प्रकरणात २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वैद्यकीय निष्काळजीपणाबद्दल म्हटलं होतं की, प्रत्येकच प्रकरणात तज्ज्ञ लागत नाही. दोष उघड दिसत असेल, तर त्याशिवायही निर्णय देता येतो.

तुमच्यावर ही वेळ आली तर?

- पक्कं बिल, रिकामी पाकिटं आणि त्यांवरचं लेबल जपून ठेवा. लॉट नंबर त्यावरच असतो. शक्य असेल, तर थोडं बियाणंही बाजूला काढून ठेवा.
- उगवण कमी दिसताच तालुका कृषी अधिकारी किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.
- पाहणीची तारीख दुकानदार आणि कंपनीला लेखी कळवली जाईल, याचा आग्रह धरा. विद्यापीठाचा प्रतिनिधी यावा, अशी मागणी अर्जातच करा.
- एकच तज्ज्ञ दोघांना चालेल का, हे त्याच पत्रात कंपनीला विचारा. नकार आला, तरी तुम्ही तटस्थ तपासणीला तयार होता, हे कागदावर येतं.
- अहवालावर सही करण्याआधी वाचा. उगवण न होण्याचं कारण लिहिलेलं नसेल, तर ते लिहिण्याची विनंती लेखी करा.
- दुबार पेरणीआधी फोटो आणि व्हिडिओ काढा, पण पंचनाम्याला तो पर्याय समजू नका.

शेतातला पुरावा काही आठवड्यांचा असतो आणि खटला त्याहून बराच लांबतो. त्यामुळे वकील कोण, याआधी तज्ज्ञ कोण, हे ठरवणं गरजेचं आहे. आणि ते शेत उभं असतानाच ठरवावं लागतं.