भाराभर चिंध्या?

'एक ना धड, भाराभर चिंध्या' ही म्हण ज्याने कोणी रचली, त्याच्याशी माझे जुने भांडण आहे. गेल्या दिवाळीत ते पुन्हा पेटले. आमची भाची वैद्यकाच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि चित्रेही काढते. एवढ्याच अपराधाबद्दल आमच्या थोरल्या बंधूंनी, दादांनी, भर फराळात तिला ही म्हण ऐकवली. पोरीने हातातली चकली खाली ठेवली. मी गप्प बसलो, ही माझी चूक झाली. ती आज दुरुस्त करतो.

दादा, ब्रायन ओ'डोहर्टी हे नाव तुमच्या कानांवर आले नसेल. हा गृहस्थ १९२८ साली आयर्लंडात एका लहानशा गावी जन्मला आणि डब्लिनला शिकून डॉक्टर झाला. १९५७ साली तो अमेरिकेस गेला, आणि मग त्याने काय काय करावे? 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये कलासमीक्षा लिहिली, कलेच्या एका नियतकालिकाचे संपादन केले, खोलीच्या पोकळीत दोऱ्या ताणून चित्रे उभी केली, भिंती रंगवल्या, कादंबऱ्या लिहिल्या. त्यातली एक २००० साली बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीत गेली. तुमच्या हिशेबाने चिंध्यांचा केवढा हा भारा!

तुम्ही म्हणाल, दहा जागी दोन-दोन हात खणण्यापेक्षा एका जागी वीस हात खणावे, म्हणजे पाणी लागते. दाखला झकास आहे, पण तो इथे लागू नाही. कारण या माणसाने साधने बदलली, प्रश्न बदलला नाही. माणसाची ओळख ठरवते कोण, हा तो प्रश्न.

१९६६ साली त्याला मार्सेल द्युशाँ या थोर कलावंताचे व्यक्तिचित्र करायचे होते. त्याने चेहरा रंगवलाच नाही. द्युशाँला आडवे करून त्याच्या हृदयाचा आलेख काढला आणि तेच चित्र म्हणून मांडले. द्युशाँ १९६८ साली वारला, त्याचे ठोके मात्र राहिले. आता सांगा, ती डॉक्टरकी वाया गेली का?

१९७६ साली त्याने लेख लिहून दाखवून दिले, की कलादालनाच्या पांढऱ्याशुभ्र भिंती वाटतात तेवढ्या निष्पाप नसतात. कलाकृती कशाला म्हणायचे, हे त्याच गुपचूप ठरवून टाकतात. प्रश्न तोच!

आणि चंचलपणाचा आरोप करणारांनी पुढचे नीट ऐकावे. ३० जानेवारी १९७२ रोजी उत्तर आयर्लंडातल्या डेरी शहरात ब्रिटिश सैनिकांनी नागरी हक्कांच्या मोर्चावर गोळ्या झाडल्या. तेरा माणसे त्याच दिवशी मेली. त्याच वर्षी डब्लिनमध्ये या माणसाने साक्षीदारांसमोर जाहीर केले, की ब्रिटिश सैन्य निघून जाईपर्यंत आणि सर्व नागरिकांना त्यांचे हक्क मिळेपर्यंत आपल्या कलाकृतींवर आपण 'पॅट्रिक आयर्लंड' अशीच सही करू. ती सही छत्तीस वर्षे चालली! २००८ साली, शांतता आल्यावर, डब्लिनच्या आधुनिक कलासंग्रहालयाच्या आवारात त्याने त्या नावाची शवपेटी समारंभपूर्वक पुरली आणि मूळचे नाव पुन्हा घेतले. २०२२ साली तो गेला. एकच पेशा जन्मभर करणाऱ्या आम्हां सज्जनांपैकी किती जणांनी एक शब्द छत्तीस वर्षे पाळला आहे?

आज सतार, उद्या कॅमेरा आणि परवा दोन्ही माळ्यावर, अशांची वकिली मी करीत नाही. पण धरसोड करणारा आणि मिळालेले सगळे बरोबर घेऊन पुढे जाणारा, या दोघांना एकाच म्हणीने झोडपणे हा अन्याय आहे. आणि त्याचा मार बहुधा घरातल्या लहानांच्याच पाठीवर बसतो.

दादा, थंडीत तुम्ही पांघरता ती आईच्या हातची गोधडी कशाची आहे हो? चिंध्यांचीच ना? आईजवळ दोरा होता, एवढेच.

यंदा भाचीला चित्रांच्या वह्या घेऊनच फराळाला बोलावले आहे. तुम्हीही अवश्य या. म्हण तेवढी घरी ठेवून या.