आत कोण आहे?

मयूर विहारातील गृहनिर्माण संस्थांच्या फाटकांवर पहारेकऱ्यापाशी एक वही ठेवण्याची रीत आहे. येणाऱ्याचे नाव, वाहनाचा क्रमांक, जावयाच्या घराचा क्रमांक, आत येण्याची वेळ आणि बाहेर पडण्याची वेळ असे तिचे रकाने असतात. ही वही वस्तुतः दोन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे देते. आज कोण कोण येऊन गेले, हा पहिला प्रश्न. आणि या क्षणी आत कोण आहे, हा दुसरा. शेवटचा रकाना भरण्याचा कंटाळा केला गेला, की दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर वहीतून नाहीसे होते. अनेकांच्या कामासाठी अखंड चालणाऱ्या संगणकाचे, ज्याला व्यवहारात सर्व्हर म्हणतात त्याचे, नेमके असेच आहे.

एकच यंत्र अनेकांनी एकाच वेळी वापरावे, ही कल्पना मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत फर्नांडो कॉर्बातो यांनी 1961 साली प्रत्यक्षात आणून दाखविली. यंत्राचा वेळ लहान लहान तुकड्यांत विभागून प्रत्येकास आळीपाळीने देण्याची ही युक्ती होती. यंत्र सामाईक झाले, की सहवासी कोण हा प्रश्न ओघानेच आला. पुढे 1969 मध्ये बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी युनिक्स ही कार्यप्रणाली उभारण्यास आरंभ केला. तिची पहिली पुस्तिका 3 नोव्हेंबर 1971 या तारखेची आहे, आणि तीत ‘हू’, म्हणजे ‘कोण’, ही आज्ञा आहे. अर्धशतक उलटून गेले, तरी लिनक्सवर चालणाऱ्या बहुतेक सर्व्हरांवर ती अद्याप चालते.

कळफलकावर ‘हू’ एवढेच लिहिले, की पडद्यावर ओळी उमटतात. प्रत्येक ओळीत वापरकर्त्याचे नाव, तो ज्या जोडणीवर बसला आहे तिची खूण, प्रवेशाची वेळ आणि तो दुरून आला असल्यास कोणत्या पत्त्यावरून आला, हे असते. ‘डब्ल्यू’ ही आज्ञा अधिक बोलकी आहे. यंत्र केव्हापासून चालू आहे, त्यावर भार किती, प्रत्येकाने कळफलकाला शेवटचा हात लावून किती वेळ झाला आणि तो काय करीत आहे, हेही ती सांगते. ‘लास्ट’ ही आज्ञा येऊन गेलेल्यांची यादी देते. पहिल्या दोन आज्ञा ‘यूटीएमपी’ या नोंदपत्रावरून चालतात, तिसरी ‘डब्ल्यूटीएमपी’वरून. पहिले नोंदपत्र फळ्यासारखे आहे, त्यावरचे पुसले जाते. दुसरे वहीसारखे आहे, त्यात भर पडत जाते.

परंतु साधनाची मर्यादा जाणल्यावाचून त्यावर विसंबणे हे शास्त्रीय वृत्तीस धरून नाही. पडद्यावरील जोडणी न मागता केवळ एखादी आज्ञा चालवून किंवा एखादी फाइल नेऊन परतणारा पाहुणा ‘हू’च्या यादीत सहसा येत नाही. ज्याने यंत्राचा सर्वाधिकार बळकावला आहे, तो नोंदपत्रातून आपली ओळ पुसू शकतो. उलट, जोडणी अचानक तुटल्यास निघून गेलेल्या माणसाचे नावही मागे राहून जाते. शिवाय या नोंदपत्रातील वेळ 1 जानेवारी 1970 पासूनच्या सेकंदांत, 32 अंकस्थानांच्या चौकटीत मोजली जाते, आणि ती चौकट 19 जानेवारी 2038 रोजी भरते. म्हणून काही लिनक्स वितरणे हे जुने नोंदपत्र सोडून देत आहेत. तेथे तोच प्रश्न ‘लॉगिनसीटीएल’ या आज्ञेने विचारावा लागतो. साधन बदलले, तरी प्रश्न बदलत नाही.

या प्रश्नाचे मोल किती, हे दिल्लीने अनुभवले आहे. मयूर विहारातील रुग्ण मेट्रोच्या गुलाबी मार्गाने यमुना ओलांडून आयएनए स्थानकावर उतरतो, तेथे गाडी बदलतो आणि पुढच्याच स्थानकावर अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेशी पोचतो. 23 नोव्हेंबर 2022 रोजी त्या संस्थेच्या सर्व्हरांत अज्ञात घुसखोर शिरल्याचे उघड झाले. शासनाने संसदेत दिलेल्या माहितीनुसार पाच सर्व्हरांतील सुमारे 1.3 टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली होती, आणि संगणकजाळ्याचे योग्य विभाजन नव्हते, हे त्याचे कारण होते. नावनोंदणी, तपासण्या, अहवाल ही सारी कामे कित्येक दिवस कागदावर हाताने करावी लागली. ‘हू’ ही आज्ञा दिली असती तर हे टळले असते, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. तथापि ज्या घरात खोल्यांना भिंती नाहीत, त्या घरात कोण वावरत आहे याकडे लक्ष ठेवण्याची गरज दुप्पट होते, एवढे निश्चित.

यावर असा आक्षेप घेतला जातो, की ही राखण आता स्वयंचलित यंत्रणा करतात. माणसाने हाताने आज्ञा लिहून यादी पाहावी, हा कालबाह्य प्रकार आहे. यंत्रणा हव्यातच. परंतु विसंगती ओळखणारी नजर सरावाने तयार होते, हे क्लिफर्ड स्टोल यांच्या उदाहरणावरून दिसते. हे खगोलशास्त्रज्ञ 1986 मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत संगणकांची व्यवस्था पाहत होते. तेथे संगणकाच्या वापराचा हिशेब 75 सेंटांनी जुळेना. क्षुल्लक म्हणून सोडून देण्याजोगी ही रक्कम. परंतु हा वापर कोणाचा, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. कित्येक महिन्यांच्या पाठलागानंतर माग पश्चिम जर्मनीतील हॅनोव्हर येथे पोचला, आणि अमेरिकी लष्करी संगणकांत शिरणारा हेर सापडला.

तथापि सर्वांत मोठे दुखणे आज्ञेत नाही, आपल्या कार्यालयीन सवयीत आहे. ‘ॲडमिन’ या एकाच नावाने आणि एकाच परवलीच्या शब्दाने पाच जणांनी काम करावे, हा प्रकार सोयीचा म्हणून चालवून घेतला जातो. मग यादीत ‘ॲडमिन’ दिसते, पण माणूस दिसत नाही. ‘हू’ नाव सांगते. त्या नावामागे एकच माणूस असेल याची हमी संस्थेलाच द्यावी लागते. युनिक्सने हा भेद प्रारंभीच ओळखला होता. कोऽहम् हा प्रश्न तेथे दोन तऱ्हांनी विचारता येतो. दुसऱ्याचा अधिकार धारण केल्यानंतर ‘हूॲमआय’ हे एकसंध लिहिले, तर धारण केलेले नाव मिळते. ‘हू ॲम आय’ असे शब्द सोडून लिहिले, तर ज्या नावाने मुळात प्रवेश केला ते नाव मिळते. अधिकार उसना घेता यावा, परंतु उत्तरदायित्व मूळ माणसाकडेच राहावे, हे तत्त्व त्यात आहे. यास्तव प्रत्येकास स्वतंत्र नाव, आणि काम सोडून गेलेल्याचे नाव त्याच दिवशी बंद, हा नियम कोणत्याही महागड्या सामग्रीहून अधिक उपयोगाचा आहे.

कायद्यानेही या दिशेने पाऊल टाकले आहे. सर्ट-इन या शासकीय संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार नोंदी 180 दिवस जपाव्या लागतात आणि घुसखोरीची वर्दी सहा तासांत द्यावी लागते. यंत्रांची घड्याळेही राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राच्या किंवा दिल्लीतील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवावी लागतात. घड्याळे जुळली नाहीत, तर दोन यंत्रांवरील नोंदी एकमेकींच्या साक्षीदार होऊ शकत नाहीत. मात्र आधी सांगितलेला चोर आपली ओळ पुसून जाऊ शकतो, म्हणून नोंदींची प्रत त्याच यंत्रावर न ठेवता दुसरीकडेही ठेवली पाहिजे.

एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. कोण आत आहे हे पाहणे निराळे, आणि सहकारी दिवसभर काय करतो यावर डोळा ठेवणे निराळे. पहिले रक्षण, दुसरे हेरगिरी. ‘हू’चा गुण असा, की जुन्या परंपरेप्रमाणे ती आज्ञा देण्यास विशेष अधिकार लागत नाही; व्यवस्थापकास वापरकर्ते दिसतात, तसा वापरकर्त्यांसही व्यवस्थापक दिसतो. ही परस्परता टिकली, तर पाळत म्हणून तिची भीती वाटणार नाही.

आज रुग्णालये, विद्यापीठे, जिल्हा कार्यालये या साऱ्यांचे दप्तर सर्व्हरांवर आहे, आणि ते सांभाळणाऱ्यांत मराठी शाळांतून शिकलेले तरुणही आहेत. त्यांना या आज्ञा त्यांच्या भाषेत, मर्यादांसह समजावून दिल्या पाहिजेत. आणि कामाच्या आरंभी व अखेरीस ही यादी वाचणे हा त्यांच्या नोकरीचा भाग मानला गेला पाहिजे. यादीतील एकही नाव अनोळखी असेल, तर ते नाव ओळखीचे होईपर्यंत अथवा बाहेर काढले जाईपर्यंत त्यांनी स्वस्थ बसता कामा नये.