अष्टमांश मोठा कीं चतुर्थांश?

पांचवीच्या वर्गांत आम्हीं परवां विचारलें, "एक चतुर्थांश मोठा कीं एक अष्टमांश?" बहुतेक हात अष्टमांशाच्या बाजूनें वर झाले. कारण विचारतां उत्तर आलें, "चारापेक्षां आठ मोठे!" आम्हांस यांत मुलांचा दोष दिसत नाहीं. ज्या नियमानें आजवर त्यांस कधीं फसविलें नाहीं, तोच त्यांनीं येथेंहि लावला.

ही चूक आपल्याच मुलांची आहे असेंहि नव्हे. अमेरिकेंत १९७८ सालच्या राष्ट्रीय चाचणींत तेरा वर्षांच्या मुलांस १२/१३ व ७/८ यांची बेरीज अंदाजानें विचारली होती. दोन्ही संख्या एकाच्या अगदीं जवळ, तेव्हां उत्तर सुमारें २; पण तें शेंकडा २४ मुलांनींच दिलें. निम्म्याहून अधिकांनीं १९ किंवा २१ निवडले, म्हणजे नुसते वरचे किंवा नुसते खालचे अंक मिळविले.

आमच्या मतें आपण समच्छेद फार लौकर शिकवितों आणि आकारमान फार उशिरां. जुन्या व्यवहारांत याच्या उलट घडे. १९५७ सालीं दशमान नाणीं येईपर्यंत रुपया सोळा आण्यांचा होता; पावली चार आण्यांची, चवली दोन आण्यांची. चवली पावलीहून लहान, हें बाजारांत जाणाऱ्या पोरास शिकवावें लागत नसे. आणि चवली म्हणजे रुपयाचा अष्टमांशच कीं! भाषेचें साह्य तर अजूनहि आहे. 'पावणेदोन' म्हणतांच ती संख्या दोनाच्या अलीकडे पावभर उभी राहते, 'सव्वादोन' तितकीच पलीकडे. पावकी, निमकी, पाउणकी घोकण्याचे दिवस परत यावे असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. त्या पाढ्यांत तृतीयांश-पंचमांशांस जागाच नव्हती.

पालकांनीं भाकरी वाढतांना एकीचे चार व तेवढ्याच दुसरीचे आठ वाटे करून मुलास हवा तो उचलूं द्यावा. भुकेल्या मुलाचें उत्तर चुकत नाहीं. भाकऱ्या मात्र सारख्या हव्या. लहानीची अर्धी मोठीच्या पावापेक्षांहि लहान भरूं शकते, आणि तेंहि मुलास एकदां दाखवावें.

वर्गांत आम्हीं एक दोरी ताणली, एका टोकास शून्य, दुसऱ्यास एक, आणि कपडे वाळविण्याचे चिमटे मुलांच्या हातीं दिले. पाव, अर्धा, पाऊण लागले. तृतीयांशास बरीच भांडणें झालीं. मग एका मुलीनें पावाच्या अगदीं शेजारीं चिमटा लावून विचारलें, "मध्यें अजून जागा आहे, मग पावाच्या लगेच पुढची संख्या कोणती?" घंटा झाली. दोरी आम्हीं अद्याप सोडलेली नाहीं.