हिशेबाची वही : इंटरनेटचे बिल घरातले की कामातले?



नाशिकच्या एका भगिनीचे पत्र समोर आहे. त्या रोज घरी बसून संगणकावरून मुलांना गणित शिकवतात. शिकवणीची कंपनी दहा टक्के कर कापून उरलेली फी त्यांच्या खात्यात भरते. त्या लिहितात, "विवरणपत्रात इंटरनेटचा खर्च दाखवू का, असं विचारलं तर आमचे हे हसले. म्हणाले, 'ते काय तुझ्या शिकवणीसाठी घेतलंय? घरचंच तर आहे!' ताई, माझी शिकवणी म्हणजे नुसता विरंगुळा का?"

मुळीच नाही! आणि यजमानांचे म्हणणेही अगदीच खोटे नाही, बरं का. घरून डबे देणारी बाई काय करते? घरच्या स्वयंपाकाचा गॅस वेगळा धरते, डब्यांचा वेगळा. इंटरनेटचेही तसेच. धंद्यासाठी, व्यवसायासाठी केलेला खर्च उत्पन्नातून वजा करता येतो, घरगुती खर्च येत नाही. बिल एकच असेल, तर त्यातला कामाचा वाटा तेवढा आपला. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या आयकर कायद्याच्या जागी २०२५ चा कायदा आला, कलमांचे आकडे बदलले, पण हे तत्त्व तेच आहे.

वाटा किती धरायचा? कायद्यात ठरावीक टक्केवारी नाही. ती पटण्याजोगी हवी, एवढेच. एक-दोन आठवडे वहीत तास लिहून पाहा. समजा, आठवड्यात घरात सगळ्यांचे मिळून ६० तास इंटरनेट वापरले गेले, त्यातले २४ तास शिकवणीचे. म्हणजे कामाचा वाटा ४० टक्के. महिन्याचे बिल ७०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ८२६ रुपये. वर्षाचे झाले ९,९१२. त्याचे ४० टक्के म्हणजे सुमारे ३,९६५ रुपये. एवढाच खर्च दाखवावा. मुलांचा अभ्यास आणि रात्रीच्या मालिका त्यात घुसडू नयेत! ज्यांची जीएसटीत नोंदणी आहे आणि ज्या त्या कराची वजावट तिकडे घेतात, त्यांनी तो इथे पुन्हा धरू नये.

आता नेहमीची अडचण. बिल यजमानांच्या नावावर, पैसेही त्यांच्याच खात्यातून! आपल्याकडे नवरा-बायकोचे विवरणपत्र वेगवेगळे असते. खर्च दाखवायचा तर तो आपण केलेला हवा. म्हणून जोडणी स्वतःच्या नावावर करून घ्यावी, निदान बिल आपल्या खात्यातून भरावे. यजमान पगारदार असतील, तर त्यांना पगारातून इंटरनेटची वेगळी वजावट मिळत नाही, तेव्हा त्यांचे काही जात नाही. हे त्यांना प्रेमाने सांगा!

लॅपटॉप घेतला असेल, तर त्याची सगळी किंमत त्याच वर्षी खर्चात दाखवू नका. त्यावर दरवर्षी घसारा धरायचा, आणि तोही कामाच्या वाट्यापुरताच.

एक सावधगिरी. छोट्या धंद्यांना आणि डॉक्टर, वकील, वास्तुरचनाकार, गृहसजावटकार अशा काही व्यवसायांना अंदाजे नफा दाखवण्याची सोपी पद्धत आहे. धंद्यात जमेच्या ८ टक्के, बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के, आणि या व्यवसायांत निम्मी रक्कम, एवढा किमान नफा धरतात. ही पद्धत घेतली, की सगळे खर्च त्यातच आले. इंटरनेट वेगळे मागता येत नाही. कोणती पद्धत आपल्याला लागू आहे आणि परवडते, ते सल्लागाराला विचारून ठरवावे.

आता खरे सांगते. ३,९६५ रुपये वजा झाले म्हणजे तेवढा कर वाचला असे नव्हे. २० टक्क्यांच्या टप्प्यात असाल, तर साधारण ७९३ रुपये आणि थोडा उपकर वाचेल. तुमचे उत्पन्न करपात्रच नसेल, तर यातून काहीच वाचणार नाही. मात्र कंपनीने कापलेले दहा टक्के परत हवेत ना? मग विवरणपत्र भरलेच पाहिजे. आपले उत्पन्न थोडे म्हणून ते भरायचे राहून जाते, आणि हक्काचे पैसे तसेच पडून राहतात!

तेव्हा एक स्वतंत्र वही करा. डाव्या पानावर आलेली फी आणि कापलेला कर, उजव्या पानावर इंटरनेट, वीज, कागद, पेन. प्रत्येक बिल तारखेप्रमाणे फाईलला लावा आणि सहा-सात वर्षे जपून ठेवा. टक्केवारी कशी काढली, तेही त्याच वहीत लिहून ठेवा.

आणि नाशिकच्या भगिनी, ही वही यजमानांना जरूर दाखवा. इंटरनेट 'घरचं' आहे हे त्यांचे म्हणणे साठ टक्के खरे निघेल. उरलेले चाळीस टक्के मात्र तुमच्या शिकवणीचे. ज्या कामाचा हिशेब असतो, त्याला विरंगुळा म्हणायला कुणी धजत नाही.