खून पचतो कुठे?

20 ऑगस्ट 2013 च्या सकाळी पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घालून दोघे मोटारसायकलवरून पसार झाले. पोलीस चौकी हाकेच्या अंतरावर होती. पुणे पोलिसांनी शस्त्रांच्या बेकायदा व्यवहारातले दोघे पकडले. मुदतीत आरोपपत्र गेलं नाही, ते जामिनावर सुटले. 2014 मध्ये तपास सीबीआयकडे गेला. गोळ्या झाडणारे हाती लागायला 2018 चा ऑगस्ट उजाडला आणि तोही धागा मिळाला बेंगळुरूहून.

तिथे 5 सप्टेंबर 2017 ला पत्रकार गौरी लंकेश यांचा खून झाला. कर्नाटकने लगोलग विशेष तपास पथक नेमलं. सीसीटीव्हीत दिसणाऱ्या मारेकऱ्याच्या चालण्याच्या ढबीपासून पुंगळ्यांवरच्या खुणांपर्यंत सगळं तपासलं गेलं. त्याआधी मारले गेलेले कन्नड विचारवंत एम. एम. कलबुर्गी यांच्यावर गोळ्या झाडलेलं पिस्तूल तेच, हे त्या पुंगळ्यांनीच सांगितलं. सव्वा वर्षात आरोपपत्रं दाखल झाली. पुढे खटला रेंगाळला, ती खंत वेगळी.

गुन्ह्याची पद्धत सारखीच होती. फरक पडला तो तपासाला दिलेल्या माणसांचा आणि सवडीचा.

आपल्याकडे तपास अधिकारी सकाळी पंचनामा करतो, दुपारी मंत्र्यांच्या दौऱ्याचा बंदोबस्त बघतो आणि रात्री नाकाबंदीला उभा राहतो. तोवर साक्षीदार गाव सोडतो, फुटेज पुसलं जातं, व्हिसेराचा अहवाल प्रयोगशाळेत पडून राहतो. शेवटी न्यायालयात ‘अ समरी’ जाते, म्हणजे गुन्हा खरा, आरोपी सापडत नाही. मेलेला माणूस अनोळखी किंवा गरीब असेल तर त्याबद्दल विचारायलाही कुणी येत नाही. हे फक्त आपलंच दुखणं नाही. अमेरिकेत 1965 च्या सुमारास दहातल्या नऊ खुनांची उकल होत असे, 2021 मध्ये जेमतेम निम्म्यांची झाली. शिकागोसारख्या शहरांत त्याहूनही कमी. जिथे लोक पोलिसांशी बोलेनासे होतात, तिथे प्रयोगशाळा तरी किती पुरी पडणार?

दाभोलकर खटल्यात 10 मे 2024 ला पुण्याच्या न्यायालयाने दोघा मारेकऱ्यांना जन्मठेप दिली, तिघांना निर्दोष सोडलं आणि खरे सूत्रधार पुणे पोलीस व सीबीआयला शोधता आले नाहीत, असं निकालपत्रात स्पष्ट लिहिलं. जवळपास अकरा वर्षं वाट पाहिल्यावर दाभोलकरांच्या घरच्यांच्या पदरात एवढंच पडलं, याचा मला संताप येतो.

तपास आणि बंदोबस्त वेगळे करा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्येच प्रकाश सिंह खटल्यात बजावलं आहे. गृहखात्याने त्याची सुरुवात निदान खुनाच्या गुन्ह्यांपासून करावी आणि दर अधिवेशनात जिल्हावार सांगावं, किती खून ‘अ समरी’त गेले आणि त्यातले किती पुन्हा उघडले.