नाव कोरलेली भांडी

वाडा विकायचा ठरला की पहिली बैठक किमतीची होते आणि दुसरी वाटणीची. भांडीकुंडी, पोथ्या, जरीची लुगडी यांचा विषय तिसऱ्या बैठकीत निघतो, तोही घाईघाईने. तोवर मोडवाल्याकडे निरोप गेलेला असतो. दक्षिण महाराष्ट्रातील आपल्या समाजाची कितीतरी जुनी घरे अशी रिकामी झाली. वारणाकाठच्या आमच्या घराची पाळी यंदा आली. त्या निमित्ताने जे हाती लागले व जे करावे लागले, ते या वेळी वाचकांपुढे ठेवीत आहे.

लॉकरधारकाच्या मृत्यूनंतर बँक वारसांच्या हाती वस्तू देण्यापूर्वी साक्षीदारांसमक्ष त्यांची यादी करते. यादी आधी, ताबा नंतर. घरातील वस्तूंनाही हाच नियम लावावा, असे माझे मत आहे. मात्र बँकेच्या यादीत वस्तूचे वर्णन पुरते. घरच्या यादीला आणखी एक रकाना हवा. वस्तू कोणाची, कोठून आली, कोणत्या कामाची? हा रकाना भरू शकणारे माणूस बहुधा घरात एकच उरलेले असते.

आमच्याकडे ते माणूस म्हणजे थोरल्या काकू. वय ८७. सकाळची गोळी घेतली की नाही, हे त्यांना आठवत नाही. पण भांडे मांडीवर ठेवले की त्या त्याच्या काठावरून बोटे फिरवितात आणि बोलू लागतात. डोळ्यांना अक्षरे दिसत नाहीत, बोटांना लागतात. भांडे विकत घेतले की त्यावर नाव घालून घ्यायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. छिन्नीच्या टोकाने ठिपक्याठिपक्यांनी उमटविलेली ती अक्षरे म्हणजे त्या भांड्याची कागदपत्रेच. लग्नातील आहेर असेल तर देणाऱ्याचे नाव, गाव आणि कधी सालसुद्धा सापडते.

फिरकीचा तांब्या हाती देताच काकू म्हणाल्या, "ह्यो यात्रेचा. सासूबाई शिखरजीला गेल्या तवा गाळलेलं पाणी ह्यातनं नेलं. वाटंत दुसऱ्याचं पाणी घेतलं न्हाई." आम्ही तो मोडीच्या ढिगात टाकलेला होता, कारण त्याच्या झाकणाची फिरकी बसत नव्हती. आटे मळाने भरले होते, इतकेच.

पुढची वस्तू मात्र सर्वांनाच गप्प करून गेली. एक मोठी, जाड पितळी परात. तिच्यावरचे आडनाव आमचे नव्हते. सोयऱ्याधायऱ्यांतही त्या आडनावाचे कोणी नाही. धाकट्या चुलतभावाने वजनकाट्यावर ठेवण्यासाठी ती उचलली, तेव्हा काकू स्पष्ट म्हणाल्या, "ती आपली न्हाई. सासूबाई सांगायच्या, ती ठेवलेली हाय."

आजोबांचे धान्याचे दुकान होते. पडत्या काळात लोक भांडे ठेवून धान्य नेत. दुकानाच्या वह्या माळ्यावर होत्याच, परंतु सगळ्या मोडी लिपीत. आमच्या पिढीपैकी कोणालाही मोडी वाचता येत नाही. ओळखीतील एका निवृत्त शिक्षकांनी तीन दुपारी बसून त्या चाळल्या. १९५१ च्या वहीत नोंद निघाली: पितळी परात एक, उधारी १४ रुपये ६ आणे. (रुपयाचे १६ आणे आणि आण्याच्या १२ पै, हे हिशेब आता नातवंडांना समजावून सांगावे लागतात.) पुढच्याच वर्षाच्या वहीत तेवढी रक्कम जमा दाखविली होती. म्हणजे देणे पूर्ण फिटले होते. परात परत नेल्याची नोंद मात्र कोठेही नाही. काकूंच्या आठवणीप्रमाणे तो माणूस मुंबईला गिरणीत लागला आणि गावी परतलाच नाही.

ज्याची बाकी शून्य आहे त्याचे तारण आपल्याकडे ठेवता येत नाही. नोकरीत मी हे असंख्य वेळा केले. कर्ज फिटले की कागद परत. तरीही भावंडांत दोन तास वाद झाला. एवढ्या वर्षांनंतर कोण मागणार, हा एक पक्ष. कोण मागतो याच्याशी आपला संबंध काय, हा दुसरा. अखेर शोध घेतला. त्या गृहस्थांचा नातू त्याच गावात खालच्या आळीत राहतो. परात घेऊन गेलो, तेव्हा त्यांच्या पत्नीला प्रथम वाटले की आम्ही जुनी बाकी मागायला आलो आहोत. चहा होईपर्यंत ती समजूत टिकली. मग त्यांनी नाव वाचले आणि मुलाला बोलावून त्याच्याकडूनही वाचून घेतले.

आता स्वच्छतेविषयी थोडे. जुनी भांडी यंत्रावर चकाकवून घेण्याचा मोह टाळावा. चकाकी येते, अक्षरे झिजतात. लिंबू-मीठ रात्रभर लावून ठेवणेही बरे नव्हे. आंबटाने पितळेतील जस्त निघून जाते आणि भांडे तांबूस पडते. चिंचेचा पातळ कोळ, मऊ फडके, लगेच धुऊन कोरडे पुसणे, एवढे पुरे. कल्हई फक्त ज्यात शिजवायचे त्यालाच करावी. कल्हईवाला नवसागर आणि कथील घेऊन आजही फिरतो. तो दिसला की थांबवावे, पुढच्या वर्षी येईल याची खात्री नाही.

सर्व काही ठेवावे, असे मात्र माझे म्हणणे नाही. तीन बंब, गळके घंगाळ आणि सहा हंडे आम्ही मोडीत दिले. दोन खोल्यांच्या सदनिकेत ते सांभाळणे म्हणजे परिग्रहाला वारशाचे नाव देणे होय. जरीच्या लुगड्यांच्या बाबतीत मात्र घाई नको. दारावर येणारा खरेदीदार खऱ्या जरीचे कापड जाळून चांदी काढतो. सुती कापडात गुंडाळून, दर काही महिन्यांनी घडी बदलली की लुगडे टिकते. त्याच घडीवर ठेवले की तेथेच विरते.

पोथ्यांना कसर लागली होती. औषध फवारण्याला काकूंचा विरोध होता आणि मलाही ते पटले. कोरडी जागा आणि वारा मिळाला की कीड फिरकत नाही. श्रुतपंचमीला पोथ्या बाहेर काढून, झटकून, नवे वेष्टन बांधण्याची प्रथा याचसाठी उपयोगी आहे. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये. काही वर्षांत तिचा डिंक पिवळा पडून शाई खातो.

चुलतभावाच्या अमेरिकेतील मुलीने एक हस्तलिखित पोथी मागितली होती. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे ऐतिहासिक वा वाङ्मयीन मोलाचे ७५ वर्षांहून जुने हस्तलिखित पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठविता येत नाही. म्हणून प्रत्येक पानाची छायाचित्रे काढून तिला पाठविली. पाने सुटी होती व क्रम बिघडला होता. सध्या ती तेथून तो लावून देत आहे. दोन पाने कमी आहेत, असे तिचे म्हणणे.